शेजारच्या बाईंचं झाड घेऊन जपानी बागेत

सोलापूरहून लोक पुण्याला तीन कारणांनी जातात: पोरगं कॉलेजला टाकायला, लग्नाला आणि पेशंट दाखवायला. आम्ही पेशंट घेऊन गेलो. पेशंट दीड फूट उंच होता आणि सगळा प्रवास बायकोच्या मांडीवर बसून होता.

आधी पेशंटची हिस्टरी सांगतो, कारण पुढे माळ्यानेही पहिल्यांदा तीच विचारली.

जुळे सोलापूर या उपनगरात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये कुलकर्णी बाई राहतात. आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे मिस्टर बँकेत कॅशियर होते, पण सगळी बिल्डिंग त्यांना 'सर'च म्हणायची, बाईंच्या नात्याने. सर दीड वर्षापूर्वी गेले. सरांना एकच नाद होता, बोन्सायचा. ज्युनिपर नावाचं जपानी झाड त्यांनी एका उथळ ट्रेमध्ये बावीस वर्षं वाढवलं. वाढवलं म्हणजे वाढू दिलं नाही. दर रविवारी चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन, बारीक कात्री आणि तार घेऊन ते बाल्कनीत बसायचे. रविवारी मुहूर्त असलेल्या लग्नाला बाई एकट्याच दिसायच्या.

नोव्हेंबरात बाई मुलीच्या बाळंतपणाला नागपूरला गेल्या. जाताना झाड आमच्याकडे आणून ठेवलं आणि म्हणाल्या, "शिवानंद, घरातलं बाकी काही गेलं तरी चालेल. एवढं सांभाळा." माझ्या बायकोला, म्हणजे महानंदाला, सूचना दिल्या: रोज सकाळी आंघोळ झाल्यावर एक तांब्या पाणी, तुळशीबरोबर. महानंदाने एक दिवस चुकवला नाही. बाई तुळशीला हळदीकुंकू वाहताना झाडालाही वाहायच्या, म्हणून हिनेही वाहिलं.

संक्रांत आली, गड्ड्याची जत्रा भरली, आणि झाडाची टोकं तांबूस दिसायला लागली. मी म्हटलं, थंडीने असेल. मग आठवलं, झाड जपानी आहे, त्याला आपली थंडी काय कळणार. आठ-दहा दिवसांत अर्धं झाड काथ्याच्या रंगाचं झालं. त्याच आठवड्यात बाईंचा फोन आला. "येत्या रविवारी पोचते. झाड कसं आहे?"

"आहे की," मी म्हटलं. हे खोटं नव्हतं. होतं तिथेच होतं.

माझं सात रस्त्याजवळ पाइप, नळ आणि पाण्याच्या मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मैंदर्गीहून आलो तेव्हा याच धंद्यात हातगाडी ओढत होतो. आमच्याकडे गिऱ्हाईक जुना वॉल्व्ह काउंटरवर आपटतं आणि म्हणतं, "असाच द्या." नाव-नंबर कोणाला माहीत नसतो. नमुना असला की काम होतं. त्यामुळे पुण्याला जायचं ठरवताना माझ्या डोक्यात दोन प्लॅन होते. पहिला: पुण्यात जपानी पद्धतीची सार्वजनिक बाग आहे, तिथल्या माळ्यांना असली झाडं रोजची, काहीतरी औषध सांगतील. दुसरा: औषध नसेल तर नमुना हातात आहे. असंच दुसरं घ्यायचं, त्याच ट्रेमध्ये लावायचं, बाई आल्या की परत द्यायचं.

दुसरा प्लॅन मी महानंदाला टेंभुर्णीपर्यंत सांगितला नाही.

गुरुवारी पहाटे साडेपाचला निघालो. पुणे साधारण अडीचशे किलोमीटर, रस्ता चौपदरी आणि चांगला, थांबत गेलं तर पाच-साडेपाच तास. फास्टॅगमध्ये पैसे भरून निघा, टोलनाके तीन-चार लागतात. आम्ही डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही घेतलं होतं. कडक भाकरी प्रवासाला सगळ्यात चांगली. तिचं जे व्हायचं ते घरीच होऊन गेलेलं असतं.

झाडाला सीट बेल्ट बसेना, म्हणून महानंदाने मांडीवर घेतलं आणि वरून चादर गुंडाळली. मोहोळला एका पोलिसाने गाडी थांबवली, आत वाकून बघितलं आणि म्हणाला, "बाळाचं तोंड उघडं ठेवा, ताई. गुदमरंल." महानंदाने चादर सारली. त्याने झाड बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हाताने जा म्हणून सांगितलं.

टेंभुर्णीला चहा घेतला. चहा बरा होता, भजी कालची होती. तिथे मी दुसरा प्लॅन सांगितला.

"म्हंजे बाईंना फसवणार?" महानंदा म्हणाली.

"फसवणार नाही. भरपाई देणार."

"न सांगता?"

"सांगून दिली की लोक घेत नाहीत."

ती झाडावरची धूळ पदराने पुसत बसली.

भिगवणजवळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ताज्या माशांच्या थाळ्यांचे बोर्ड लागतात. आम्ही लिंगायत, त्यामुळे आमच्यासाठी ती निव्वळ माहिती. खाणाऱ्यांनी अवश्य थांबावं, गर्दी बघता वाईट नसणार. जानेवारीत इथल्या पाण्यावर रोहित पक्षी येतात आणि ते बघायला पुण्याची माणसं पहाटे निघून येतात. आम्ही त्यांच्या उलट्या दिशेने झाड दाखवायला चाललो होतो.

हडपसरला लागलेला तास मी हिशेबात धरत नाही, तो सगळ्यांनाच लागतो. सिंहगड रस्त्याला बागेच्या दारात पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते आणि दार बंद होतं. सुरक्षारक्षक आतून म्हणाला, "सकाळची वेळ संपली. चारला या."

"आम्ही सोलापूरहून आलोय."

"मग चारपर्यंत विश्रांती होईल तुमची."

तर पहिली सूचना: आम्ही गेलो तेव्हा बाग दुपारी बंद होती. तुम्ही वेळ आधी विचारून निघा, नाहीतर आमच्यासारखे झाड घेऊन रस्त्यावर उभे राहाल.

उन्हात गाडीत ठेवायला नको म्हणून झाड हॉटेलातही नेलं. चार खुर्च्यांचं टेबल मिळालं. महानंदाने झाड तिसऱ्या खुर्चीवर ठेवलं. वेटरने तीन ग्लास पाणी आणलं आणि विचारलं, "थाळी दोन की तीन?" मी दोन म्हटलं. अडीचशेला थाळी, आमटी गोड, बाकी ठीक. महानंदाने आमटी चाखली, पिशवीतून चटणीची डबी काढली आणि पुढचं जेवण आम्ही सोलापूरचं जेवलो.

चारपर्यंतचा वेळ मी दुसऱ्या प्लॅनला दिला. त्या भागातल्या तीन नर्सऱ्या पालथ्या घातल्या. पुण्यात नर्सऱ्या भरपूर आहेत आणि सगळ्यांकडे 'बोन्साय' म्हणून काहीतरी असतं. तिसऱ्या नर्सरीत खरोखरच ज्युनिपर निघाली, एका रांगेत पाच. मी आमचं झाड काउंटरवर ठेवलं आणि सवयीने म्हणालो, "असंच द्या."

मालक तरुण होता, अंगात ॲप्रन. त्याने आमच्या झाडाकडे बघितलं. "काका, असं कसं देणार? हे कोणीतरी हाताने केलंय. आमची शेतातून गाडीने येतात."

"उंची तेवढीच आहे."

"उंची आहे."

मी टेप काढून मोजलं. उंची खरंच तेवढीच होती, अर्ध्या इंचाचा फरक. पण पाचही झाडं एकसारखी वळवलेली होती, आधी डावीकडे मग उजवीकडे, शाळेच्या कवायतीसारखी. आमच्या झाडाची खालची फांदी बाहेर येऊन जरा थांबते आणि मग खाली वाकते, जिन्यावरून उतरताना म्हातारा माणूस थांबतो तशी.

"ह्यातलं कुटलं नेणार?" महानंदाने विचारलं.

मी विचार केला. ज्या बाईंनी वर्गातली कॉपी पकडण्यात हयात घालवली, त्यांच्यापुढे मी कॉपी ठेवणार होतो. फार तर चार सेकंद टिकली असती. मी टेप गुंडाळून खिशात टाकला.

चारला पुन्हा दारात. रक्षक तोच. तिकीट किरकोळ आहे, अडचण तिकिटाची आलीच नाही.

"झाड आत न्यायचं नाही."

"का?"

"बाहेरची झाडं आत नाहीत आणि आतली बाहेर नाहीत. नियम आहे."

"आजारी आहे हो. माळ्याला दाखवायचंय."

"तुम्ही बाहेर येताना मी कसं ओळखणार, हे तुमचंच का आतलं?"

मुद्दा बिनतोड होता. मी म्हटलं, "तुमच्या वहीत लिहून घ्या." त्याला पटलं. त्याने वही काढली आणि लिहिलं, 'आत: इसम एक, महिला एक, झाड एक (वाळलेले).' मी सही केली.

आता बागेबद्दल. मधून पाणी वाहतं, त्यावर कमानीचा लाकडी पूल, बाजूला दगडी दिवे, बांबूची बेटं आणि चेंडूसारखी गोल कापलेली झुडपं. पाण्यात केशरी मासे हात हात लांब. कुठेही रंगीत फुलांचे ताटवे नाहीत, कारंजं नाही, सिमेंटचा हत्ती नाही. पहिली पाच मिनिटं वाटतं की बागेचं काम अर्धवट राहिलंय. मग हळूहळू कळतं की ते पूर्ण झालेलं आहे. पायवाट मुद्दाम वळणाची केली आहे, त्यामुळे पुढचं एकदम दिसत नाही. दहा पावलं चाललं की आधी बघितलेलंच तळं नवीन वाटतं.

आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी, आणि इथे ते दिवसभर नुसतं बघण्यासाठी वाहतंय. मी अर्धा तास पंप कुठे आहे आणि पाइप कुठून टाकलाय ते शोधत होतो. काही दिसलं नाही. धंद्यातल्या माणसाला हे सहन होत नाही. ज्याने कोणी हे काम केलंय त्याला माझा नमस्कार.

पुलावर एक आजोबा नातीला सांगत होते, "जपानमध्ये सगळीकडे असंच असतं."

"मग ते बसतात कुठे?" नातीने विचारलं. आजोबांनी विषय बदलला.

माळी सापडला तो तळ्याच्या मागच्या बाजूला. साठीचा माणूस, डोक्याला टॉवेल. एका बुटक्या पाइनखाली बसून वाळलेल्या सुया एकेक करून हाताने वेचत होता.

"मामा, जरा काम होतं."

"काम समद्यांनाच आस्तंय," तो वर न बघता म्हणाला. "बसा हितं."

ते 'समद्यांनाच' ऐकून मी थांबलो. "मामा, मोहोळचे का?"

आता त्याने वर बघितलं. "मोहोळापलीकडं, नदीच्या अंगाला. तुमी?"

"मैंदर्गी. आता सोलापूर."

"मग उबं का? बसा की, वैनींनाबी बसवा."

महानंदाने झाड त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते फिरवून चारही बाजूंनी बघितलं. नखाने खोडाची साल जराशी खरवडली. आत तपकिरी. खाली खरवडली, तिथेही तपकिरी. मग सावकाश विचारलं, "पाणी किती?"

"रोज एक तांब्या," महानंदा म्हणाली. "आंगोळ करून. एक दिवस चुकवला न्हाय मी."

माळ्याने डोळे मिटले.

पाठीमागच्या पिशवीतून त्याने लाकडाची चपटी काडी काढली, ट्रेच्या कडेने फिरवली आणि झाड मातीसकट अलगद वर उचललं. वास आला. तुंबलेल्या मोरीचा वास, माझ्या रोजच्या ओळखीचा. माती काळी चिकट, मुळांचा लगदा झालेला, आणि वरच्या बोटभर थरात हळदीकुंकवाचे पट्टे, एकावर एक, लाल-पिवळे.

"ह्याला देव केला व्हय कुणी?" त्याने विचारलं.

महानंदा रडायला लागली. "माझ्याकडनंच झालं. मीच वाहत हुते."

"वैनी, डोळं पुसा. तुमचं काय न्हाय ह्यात. ह्यो थर दोन म्हैन्याचा न्हाय, वर्साचा हाय. आन् हे झाड लई फसवं. जीव गेल्यावर बी दोन-तीन म्हैनं हिरवं दिसतंय. दिवाळीच्या आदीच गेल्यालं हे. तुमच्या घरात आलं तवा नुसता रंग ऱ्हायल्याला."

तिचं रडणं थांबलं. माझं डोकं चालू झालं. झाड गेलं ते बाईंच्या बाल्कनीत. आमच्याकडे आलं ते आधीच गेलेलं. मी मोबाईल काढला. "मामा, एवढं जरा पुन्हा सांगता? मोठ्याने."

त्याने सांगितलं, बिचाऱ्याने. मी रेकॉर्ड केलं. 'दिवाळीच्या आदीच' म्हणताना मुळं जवळून घेतली.

मग त्याने रिकामा ट्रे हातात घेतला आणि उलटा केला. "आन् हे कुणी केलं?"

ट्रेच्या तळाला पाणी निघून जायला चार भोकं असतात. चारही बंद होती. करड्या रंगाची लांबी, म्हणजे पाइपचे सांधे बुजवायची पुट्टी, गुळगुळीत, वरून ओलं बोट फिरवून साफ केलेली.

मी रेकॉर्डिंग बंद केलं.

ते बोट माझं होतं. गेल्या उन्हाळ्यात बाईंच्या बाल्कनीतून खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या पापडांवर पाणी ठिबकायचं आणि खालच्या वहिनी रोज वर बघून बोलायच्या. बाई म्हणाल्या, "शिवानंद, बघता का जरा?" मी बघितलं. दुकानातून पाइपला लावायची लांबी आणली, मळली, चारही भोकं बुजवली. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. पुन्हा थेंब पडला नाही. ही हकिगत मी दुकानात गिऱ्हाइकांना तेव्हापासून सांगत होतो.

"काम मात्र पक्कं केलंय ज्यानं केलं त्यानं," माळी चाकूचं टोक लांबीवर ठोकत म्हणाला. "उन्हाळ्यात तगलं आसंल. पावसाळ्यात बुडून मेलं."

महानंदा माझ्याकडे बघत होती. मी तळ्यातल्या माशांकडे बघत होतो.

झाड वर्तमानपत्रात गुंडाळून देण्याआधी माळ्याने ते पुन्हा एकदा उजेडात धरलं. त्या खालच्या फांदीवरून बोट फिरवलं. "पन घडवलं कुणी हे?"

"शेजारचे सर होते. बावीस वर्षं लावली. वारले."

"लई हलका हात. तार गुंडाळल्याली, पर वण कुटं न्हाय बघा. बावीस वर्सं म्हनता? कुटं घाई केल्याली न्हाय." त्याने ते महानंदाच्या हातात दिलं. पैसे विचारले तर हात झटकले. कडक भाकरीचं पुडकं मात्र घेतलं, त्याने चार वर्षांत खाल्ली नव्हती म्हणे.

दारात रक्षकाने वही काढली. वर्तमानपत्राची गुंडाळी उघडून बघितली, ट्रे बघितला. "हेच का ते?"

"हेच."

त्याने लिहिलं, 'बाहेर: झाड एक (तेच).'

मुक्काम स्वारगेटजवळच्या एका साध्या लॉजवर केला, खोली स्वच्छ, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच. शुक्रवारी सकाळी परत निघालो. भिगवणला चहाला थांबलो तेव्हा महानंदा म्हणाली, "ते शूटिंग दाखवणार बाईंना?"

"दाखवणार. माळ्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय."

"पुढचं का न्हाय घेतलं?"

"बॅटरी गेली."

"सत्तावन टक्के हुती. मी बघितलं की."

मी चहा प्यायलो. पुढे ती म्हणाली, "ह्यात मी सुटले. तुमी बी सुटलाव. बाई एकट्याच ऱ्हायल्या. सरांच्या मागं त्यांना आता हे बी ऐकवा, तुमच्याच हातनं मेलं म्हणून."

"मी तसं म्हणणार नाही."

"मग शूटिंग कशाला पायजे?"

महानंदाला राग आला की ती कन्नडमध्ये जाते. "तेगीरी अदन्न," ती म्हणाली. काढून टाका ते. माझ्या घरात कन्नडमध्ये सांगितलेलं काम दुसऱ्यांदा सांगायची वेळ येत नाही. पुढच्या टोलनाक्याच्या रांगेत मी व्हिडिओ उघडला. फोनने विचारलं, नक्की काढायचा का. मला नक्की माहीत नव्हतं. मागच्या ट्रकने हॉर्न दिला. मी काढून टाकला.

इथवर आलात आणि तुम्हालाही जायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा. थंडीत जा, संध्याकाळच्या वेळेला जा, आणि दोन तास हातात ठेवा. पेट्रोल, टोल, लॉज, जेवण धरून आमचा दोघांचा खर्च सहा हजारांच्या आत बसला. खाण्याचे पदार्थ आत नेता येत नाहीत, पण माळ्याची भाकरी कोणी तपासली नाही. फक्त फोटोपुरते जाणार असाल तर दहा मिनिटांत बाहेर याल आणि म्हणाल, काही नाही तिथे.

रविवारी सकाळच्या गाडीने बाई आल्या. बॅग दारातच ठेवली आणि आधी आमच्या बाल्कनीकडे बघितलं. "कुठंय?"

मी तीन वाक्यं पाठ केली होती. "बाई, झाड गेलं. मुळं सडली. ट्रेची भोकं मी बुजवली होती."

बाईंनी बॅगेचा पट्टा हातातून सोडला. "कधी बुजवलीत?"

"गेल्या उन्हाळ्यात. ते पापडांचं झालं तेव्हा."

"कोणी सांगितलं होतं बुजवायला?"

मी दारातली बॅग भिंतीला टेकवून ठेवली.

"शिवानंद, प्रश्न विचारलाय मी."

"तुम्ही."

"पाणी कोण घालत होतं?"

"ही घालत होती."

"त्याच्या आधी?"

"तुम्ही."

"किती?"

"बाई, जाऊ द्या की," महानंदा मधे पडली. "पानी प्या आदी. बाळ कसं हाय?"

"एक तांब्या," बाई स्वतःच म्हणाल्या. "रोज. हे काडेपेटीतली काडी मातीत खुपसून बघायचे. ओली निघाली तर त्या दिवशी पाणी नाही. मी बावीस वर्षं बघत होते. पण मला वाटायचं, काडी खुपसली की त्याला दुखत…" अर्धं गणित फळ्यावर सोडून त्या वर्गाबाहेर गेल्या असतील असं मला वाटत नाही. त्या दिवशी गेल्या. गुंडाळी आणि ट्रे उचलला, समोरचं दार उघडलं आणि आतून कडी लावली.

आमचं वर्तमानपत्र वाचून झालं की मी ते बाईंच्या दाराच्या कडीला अडकवतो, ही कित्येक वर्षांची पद्धत. सोमवारचा अंक संध्याकाळपर्यंत तसाच राहिला. मंगळवारी तिथे दोन झाले, बुधवारी तीन. महानंदा दोन वेळा वरणभाताचा डबा घेऊन गेली. डबा आत जायचा, धुऊन परत यायचा, पण बाईंचं बोलणं 'हो' आणि 'नको' एवढंच.

गुरुवारी दुपारी बाई रिक्षाने माझ्या दुकानात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्या मधून वाट काढत त्यांनी कापडी पिशवी काउंटरवर ठेवली आणि रिकामा ट्रे काढला. घासून लख्ख केला होता.

"भोकं मोकळी करून द्या."

मी ड्रिल लावलं. लांबी खरंच पक्की होती, दगडासारखी. पहिलं भोक पडेपर्यंत बाई ड्रिलकडे बघत होत्या. दुसऱ्याला म्हणाल्या, "महानंदा सांगत होती, माळी काहीतरी म्हणाला म्हणे यांच्याबद्दल."

"काय?" मला ड्रिलच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही.

"माळी! काय म्हणाला?"

"म्हणाला, घडवणाऱ्याचा हात लई हलका!" मी ओरडून सांगितलं. "तारेचा वण कुठे नाही म्हणाला! कुठे घाई केलेली नाही म्हणाला!"

दोन्ही गिऱ्हाइकं बाईंकडे बघायला लागली. मी ड्रिल बंद केलं.

"हलका?" बाई म्हणाल्या. "घरात एक खिळा सरळ ठोकता आला नाही त्यांना. हॉलमधलं कॅलेंडर बघा, गेली कित्येक वर्षं तिरकं लटकतंय." आणि त्या हसल्या. मग चष्मा काढला आणि पदराने पुसायला लागल्या, बराच वेळ. गिऱ्हाइकांपैकी एकाने उगाचच एका नळाची किंमत विचारली. मी सांगितली नाही.

उरलेली दोन भोकं पाडली, ट्रेवरची भुकटी फुंकली आणि नळाखाली धरून बघितला. पाणी चारही भोकांतून सरळ खाली गेलं, माझ्या चपलेवर. बाईंनी वाकून चारही तपासली, ट्रे पिशवीत ठेवला. काय लावणार ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

दुकानाच्या पायरीवरून त्या वळल्या. "शिवानंद, संध्याकाळी वेळ असेल तर तो खिळा तेवढा काढून सरळ ठोकून द्याल का?"

"येतो की. सातला येतो."

बाई दोन पायऱ्या उतरल्या, रिक्षात बसल्या, आणि रिक्षा सुरू झाल्यावर बाहेर डोकावून म्हणाल्या, "नको. राहू दे तसंच. पण या तुम्ही सातला."